चेन उतरवणारा माणूस

हिंगोलीहून औंढा नागनाथाकडे सायकलने निघालेल्या माणसाला सुरुवातीचा रस्ता फारसा जड जात नाही. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन आणि हळदीची शेते. औंढ्याच्या परिसरात मात्र डोंगर जवळ येऊ लागतात. चढ लागला की एकाच गिअरच्या जड सायकलवरचा माणूस आधी सीटवरून उठतो, मग पेडलवर उभा राहून सारे वजन टाकतो आणि अखेर निमूटपणे खाली उतरून हँडल धरून चालू लागतो. मागे कॅरिअरवर पोते असेल किंवा डबलसीट असेल, तर ही वेळ आणखी लवकर येते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सायकल अशीच चालवली गेली. चढ आला की उतरायचे, हे सर्वांनी गृहीतच धरले होते.

ते गृहीत धरायला नकार देणारा एक माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचे नाव पॉल द विवी. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो अधिक ओळखला गेला. सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांच्या जगात आजही त्याला पितामहाचा मान आहे. गिअर चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये बंदिस्त असावेत, की चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी उघडी यंत्रणा असावी, हा वाद आज जगभरचे सायकलप्रवासी हौसेने घालतात. व्हेलोसिओंच्या आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे या वादाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नात गेली.

पॉल द विवी यांचा जन्म १८५३ साली दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. लहानपणापासून त्यांना ग्रीक व लॅटिन अभिजात साहित्याची गोडी लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. उपजीविकेसाठी मात्र त्यांनी रेशमाचा व्यापार पत्करला. व्यापारात त्यांचा जम बसला होता. तिशीच्या उंबरठ्यावर, १८८१ साली, त्यांनी पहिली सायकल विकत घेतली. पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे अगदी लहान, अशी ती त्या काळची सायकल होती. तिच्यावर बसणे हेच मोठे धाडस होते. पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्यामुळे पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, असा सरळ हिशेब होता. वेग वाढवायचा तर चाकच मोठे हवे, आणि चाक किती मोठे असावे हे स्वाराच्या पायांच्या लांबीवर ठरे.

या यंत्राने द विवींना झपाटून टाकले. पैज लावून केलेल्या लांब पल्ल्याच्या सफरी, मग तीनचाकी सायकल, मग दोघांनी मिळून चालवायची सायकल, असे प्रयोग सुरू झाले. अखेर १८८७ साली त्यांनी रेशमाचा व्यवसाय सोडला, सेंट एतियेन या औद्योगिक शहरात सायकलचे दुकान उघडले आणि त्याच वर्षी सायकलला वाहिलेले एक मासिक सुरू केले. ते ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्ध झाले. सेंट एतियेन हे कोळसा, बंदुका आणि फितींच्या विणकामाचे शहर होते. बंदुकीच्या नळ्या घडवणाऱ्या कारागिरांना सायकलचे सुटे भाग घडवणे अवघड नव्हते, आणि पुढे हे शहर फ्रेंच सायकल उद्योगाचे मोठे केंद्र बनले.

योगायोग असा की, याच सुमारास मराठी मुलखातही असाच एक प्रवास सुरू होत होता. मुंबईत यांत्रिक रेखाटन शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात आपल्या भावासह सायकलींचे दुकान काढले. एका मोठ्या उद्योगसमूहाचा उगम त्या दुकानात आहे. लक्ष्मणराव सायकलीकडून नांगराकडे आणि इतर यंत्रांकडे वळले. द विवी मात्र आयुष्यभर सायकलपाशीच थांबले.

सुरुवातीला ते इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथून सायकली आणवून विकत. १८८९ साली त्यांनी ‘ला गोलवाज’ ही स्वतःची सायकल बाजारात आणली. दोन सारख्या आकाराची चाके, मध्ये चौकोनी सांगाडा आणि मागच्या चाकाला चेनने दिलेली गती, असे तिचे आजच्या सायकलीशी मिळतेजुळते रूप होते. गिअर मात्र एकच होता.

सेंट एतियेनच्या दक्षिणेला ‘कोल द ला रेपुब्लिक’ नावाचा घाट आहे. त्याची उंची ११६१ मीटर. गावातून बाहेर पडताच चढ सुरू होतो आणि मैलोगणती संपत नाही. या घाटातील एक प्रसंग सायकलप्रवाशांच्या पिढ्यांनी सांगितला आहे. द विवी आपल्या सायकलवरून घाम गाळत घाट चढत होते. तेवढ्यात त्यांच्याच मासिकाचा एक वाचक मागून आला आणि तोंडात पाइप धरून धूर सोडत त्यांना मागे टाकून निघून गेला. त्या माणसाचे पाय काही जगावेगळे नव्हते. त्याच्या सायकलचा गिअर हलका होता, एवढेच. सपाटीवर मात्र तो द विवींच्या मागे पडला असता. एकच सायकल दोन्हीकडे चांगली का चालू नये, हा विचार द विवींच्या मनात घर करून बसला.

हा प्रश्न साध्या आकड्यांत समजून घेता येतो. आपल्याकडच्या नेहमीच्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत असे धरले, आणि चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १९ किलोमीटरांचा वेग मिळतो. सपाट रस्त्यावर हे उत्तम. पण ओझे घेऊन घाट चढताना वेग ताशी ६ किलोमीटरांवर, म्हणजे मिनिटाला १०० मीटरांवर येतो. तेव्हा त्याच गिअरवर पेडलचे जेमतेम १८-१९ फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर अंगाचा सारा भार पडतो, आणि थोड्याच वेळात माणूस खाली उतरतो. पुढे २४ आणि मागे ३२ दाते असतील तर एका फेऱ्यात सायकल १.६५ मीटर जाईल आणि त्याच मंद वेगाला पेडलचे ६० फेरे होतील. चढ तोच, माणूस तोच आणि करावे लागणारे कामही तेवढेच. फरक एवढाच की, तेच काम लहान लहान घासांत विभागले जाते. विहिरीतून पाणी काढताना एक अजस्र बादली ओढण्याऐवजी लहान कळशा ओढाव्यात, तसा हा प्रकार आहे.

आपल्याकडे चेन पडणे ही आपत्ती मानली जाते. चेन पडली की रस्त्याच्या कडेला बसून हात काळे करायचे. द विवींच्या सुरुवातीच्या उपायात मात्र ही चेन मुद्दाम उतरवायची होती. त्यांनी पेडलच्या दांड्याशी वेगवेगळ्या आकारांची दोन दातेरी चक्रे बसवली. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, हाताने चेन मोठ्या चक्रावरून लहान चक्रावर टाकायची आणि पुन्हा स्वार व्हायचे. पुढे त्यांनी डाव्या बाजूलाही अशीच व्यवस्था केली, म्हणजे एकूण चार गिअर मिळाले. हे उपाय ओबडधोबड होते, पण त्यामुळे घाट चढता येत होता. त्यानंतर दोन चेनच्या सायकली आल्या. पेडल उलटे फिरवले की हलका गिअर लागेल, अशाही सायकली आल्या. यांपैकी एकही प्रकार त्यांनी न तपासता सोडला नाही. परीक्षा दुकानात होत नसे. ती शेकडो किलोमीटरांच्या रस्त्यावर होई आणि तिचा निकाल मासिकात छापला जाई.

गिअरच्या दोन मुख्य घराण्यांनी याच काळात आकार घेतला. पहिले घराणे इंग्लंडचे. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या आश्रयाने १९०२-०३ च्या सुमारास ‘स्टर्मी-आर्चर’चा तीन गिअरचा हब तयार झाला. मागच्या चाकाच्या तुंब्यातच लहान दातेरी चाके बसवलेली असतात. मध्ये एक स्थिर चाक आणि त्याभोवती फिरणारी छोटी चाके, अशी सूर्यमालेसारखी ही रचना असते. मधल्या गिअरमध्ये चेनची गती जशीच्या तशी चाकाला मिळते. हलक्यात ती कमी होते, जडात वाढते. या कंपनीच्या १९३६ साली आलेल्या आणि जगभर खपलेल्या ‘एडब्ल्यू’ हबमध्ये हलका गिअर मधल्याच्या पाऊणपट आणि जड गिअर सव्वापटीहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे १.३३ पट असे. सारे काही तेलात आणि झाकणाआड. चेन एकाच सरळ रेषेत धावते, त्यामुळे ती कमी झिजते. पाऊस, चिखल व धूळ आत शिरत नाही. थांबलेल्या सायकलीचाही गिअर बदलता येतो, ही सोय गर्दीच्या रस्त्यावर मोलाची ठरते.

दुसरे घराणे फ्रान्सचे. मागच्या चाकाला लहानमोठी अनेक चक्रे लावायची आणि एका कळीने चेनला बाजूला रेटून एका चक्रावरून दुसऱ्यावर चढवायचे. फ्रेंच भाषेत या यंत्रणेला रुळावरून घसरवणारी या अर्थाचे नाव मिळाले. तेच ‘डिरेलर’ म्हणून जगभर गेले. तिचे सारे अवयव उघडे असतात. त्यामुळे चिखल बसतो, चेन तिरकी धावून झिजते आणि नेमकेपणा चुकला तर चेन चाकात अडकते. पण तिच्यात दोष कुठे आहे तो डोळ्यांना दिसतो आणि पक्कड व पाना घेऊन रस्त्यावर दुरुस्तही करता येतो. चेन स्वच्छ असेल तर शक्तीचा अपव्यय फार कमी होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चक्रे बदलून गिअरचा पल्ला हवा तेवढा वाढवता येतो.

या पल्ल्याच्या बाबतीत तीन गिअरचा हब प्रवाशाला अपुरा पडतो. वर घेतलेल्या ५.४ मीटरच्या सायकलीला तो बसवला, तर हलका गिअर सुमारे ४ मीटरचा आणि जड गिअर ७.२ मीटरचा होईल. शहरातल्या उंचवट्यांना हे पुरेसे आहे. पण तंबू, कपडे आणि स्वयंपाकाची भांडी लादून डोंगर चढणाऱ्याला ४ मीटरचा गिअरही जडच जातो. मागचे चक्र मोठे बसवून सारे गिअर हलके करता येतात, पण मग सपाटीचा वेग जातो. इंग्लंडच्या ठेंगण्या टेकड्यांत हब रुजला आणि आल्प्सच्या सावलीत डिरेलर वाढला, यामागे भूगोलाचाही मोठा वाटा होता.

व्हेलोसिओ मात्र कोणत्याही एका यंत्राचे भक्त झाले नाहीत. त्यांचा आग्रह तत्त्वाचा होता. प्रवाशाच्या सायकलीला अनेक गिअर असावेत, त्यांतला सर्वांत हलका खरोखर हलका असावा आणि तो कसा मिळवावा हे अनुभवाने ठरावे. कोणी नवी यंत्रणा काढली की ते ती आपल्या सायकलीला लावत आणि डोंगरात घेऊन जात. त्यांच्याभोवती सेंट एतियेनमध्ये कारागीर व प्रवासी यांचे एक वर्तुळच तयार झाले. १९१० च्या दशकाच्या आरंभी जोआनी पानेल यांचा ‘ल शमिनो’ हा डिरेलर याच शहरातून आला. १९२४ साली आल्बेर रेमों यांचा ‘सिक्लो’ही इथूनच आला आणि प्रवासी सायकलींवर दीर्घकाळ टिकून राहिला. व्हेलोसिओंनी आपल्या कल्पना मासिकातून खुल्या मांडल्या. स्वतःचे दुकान आणि स्वतःची सायकल असूनही त्यांनी इतरांच्या यंत्रांना आपल्या पानांत जागा दिली. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे नव्हते, आणि त्यांनी यातून मोठी संपत्ती मिळवली असेही झाले नाही.

त्यांना विरोध झाला तो मात्र वेगळ्याच दिशेने. विरोधकांचा आक्षेप यंत्रावर नव्हता. गिअर वापरणे हा दुबळेपणा आहे, असे त्यांचे मत होते. ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज हे या मताचे सर्वांत बलवान पुरस्कर्ते. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतात प्रवासी सायकलींची कसोटी घेतली. तीत २११५ मीटर उंचीचा तूरमाले घाट होता. मार्थ हेस या महिलेने अनेक गिअरच्या सायकलीवरून तो घाट चढून दाखवला आणि गिअरच्या पुरस्कर्त्यांना मोठेच प्रमाण मिळाले. देग्रांज यांच्यावर याचा परिणाम झाला नाही. असली साधने पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, विजय स्नायूंच्या बळावर मिळवावा, यंत्राच्या युक्तीवर नव्हे, अशा आशयाचे मत त्यांनी मांडले. व्हेलोसिओ तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते.

दुसऱ्याच वर्षी, १९०३ मध्ये, देग्रांज यांनी ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. पहिल्याच वर्षी ती शर्यत कोल द ला रेपुब्लिक ओलांडून गेली. ज्या घाटात व्हेलोसिओंना गिअरची कल्पना सुचली, त्याच घाटातून शर्यतपटू एका गिअरवर झगडत गेले. पुढची अनेक वर्षे ते मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी चक्रे लावून फिरत. घाट आला की खाली उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा पळायचे. डिरेलरला त्या शर्यतीत सर्वांसाठी मुभा मिळाली ती १९३७ साली. शर्यतीत जे वापरतात तेच दुकानात खपते, हा नियम तेव्हाही होता. परिणामी साध्या सायकलस्वारापर्यंत गिअर पोहोचायला उशीर झाला. डॉक्टर, शिक्षक, टपालवाला, वयस्क माणूस, मुलांना घेऊन निघालेली आई, यांपैकी कोणालाही शर्यत जिंकायची नव्हती. त्यांना घाट ओलांडून पलीकडच्या गावाला जायचे होते. व्हेलोसिओंनी या माणसांची बाजू घेतली, आणि हा लढा त्यांच्या हयातीत पूर्णपणे जिंकला गेला नाही.

त्यांनी तो केवळ लेखणीने लढवला नाही. साठी उलटल्यानंतरही ते रात्रभर सायकल चालवत दूरचे पल्ले गाठत. ईस्टरच्या सुट्टीत प्रोव्हान्सकडे मित्रांसह जाण्याचा त्यांचा वार्षिक नेम होता. ते शाकाहारी होते. प्रवासात मांस, मद्य आणि तंबाखू टाळावी, असे ते सांगत. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, थकण्याआधी थांबावे आणि केवळ मोठेपणा मिरवण्यासाठी पेडल मारू नये, असा त्यांचा उपदेश होता. त्यांच्या नावावर रूढ झालेली प्रवाशाची सात पथ्ये आजही सायकल मंडळांत सांगितली जातात. एस्पेरांतो या विश्वभाषेचेही ते पुरस्कर्ते होते. सायकलवरून पर्यटन या अर्थाचा फ्रेंच शब्दही त्यांनीच घडवला असे मानले जाते.

१९२२ पासून त्यांच्या सन्मानार्थ कोल द ला रेपुब्लिक घाटावर दरवर्षी सायकलस्वारांचा मेळा भरू लागला. या मेळ्यात तरुण, वृद्ध, स्त्रिया आणि मुले असे सारेच आपापल्या गतीने घाट चढत. मराठी वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही. वारीतही कोण आधी पोहोचला याची नोंद ठेवली जात नाही. चालत राहण्यालाच तिथे मोल असते. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, ते हिंगोली जिल्ह्यातच. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांना गुरूपदेश मिळाला, अशी परंपरा आहे. पुढे नामदेव पायी पंजाबपर्यंत गेले आणि घुमानला राहिले. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाने आपली शक्ती कशी पुरवून वापरावी, हे या मुलखाला सायकल येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

१९३० च्या आरंभी सेंट एतियेनच्या रस्त्यावर व्हेलोसिओंना अपघात झाला. वय शहात्तर. रस्त्यावर गर्दी असल्याने ते सायकलवर बसले नव्हते, ती हाती धरून चालत होते. एका मोटारीला वाट देण्यासाठी ते बाजूला झाले आणि ट्रामच्या मार्गात सापडले. त्यातच त्यांचा अंत झाला. चढावर सायकल ढकलत चालावे लागू नये म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्याला मृत्यूने सायकल हाती धरून चालताना गाठले. ज्या घाटात त्यांचा शोध सुरू झाला, त्याच घाटावर आज त्यांचे स्मारक उभे आहे.

त्यांच्या पश्चात वादाचा निकाल बराच काळ डिरेलरच्या बाजूने लागत गेला. १९२८ साली दिजों येथे ल्युसियें जुई यांनी ‘सिंप्लेक्स’ हा डिरेलर काढला. शर्यतींतील बंदी उठल्यावर या यंत्रणेने झपाट्याने बाजार व्यापला. हबची बाजू पुन्हा उचलून धरली ती एका जर्मन कंपनीने. ‘रोलॉफ’ कंपनीचा १४ गिअरचा हब १९९८ साली बाजारात आला. त्याचा सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या ५.२६ पट आहे, आणि प्रत्येक पायरीतील फरक जवळपास सारखा, सुमारे १३.६ टक्के आहे. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबमध्ये हाच पल्ला १.७८ पट होता. म्हणजे व्हेलोसिओंना हवा असलेला पल्ला बंदिस्त हबमध्येही मिळू लागला, पण त्यासाठी जवळजवळ सत्तर वर्षे आणि बरीच मोठी किंमत मोजावी लागली.

आज लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने काय निवडावे? हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा या तालुक्यांतील रस्त्यांचा विचार केला तर उत्तर सोपे नाही. पावसाळ्यात इथली काळी माती चाकाला, चेनला आणि ब्रेकला अशी चिकटते की काडीने खरवडून काढावी लागते. उघड्या डिरेलरचा तिच्यापुढे टिकाव लागणे कठीण. अशा वेळी बंदिस्त हब हा वरदान वाटतो. पण त्याच हबमध्ये आतून बिघाड झाला तर गावातला सायकल मिस्त्री हात टेकतो, कारण त्याचे सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणीही सहसा मिळत नाहीत. डिरेलर बिघडला तर निदान चेन लहान करून एका गिअरवर घरी पोहोचता येते. हबचे चाक पंक्चरसाठी काढणेही नेहमीच्या चाकापेक्षा किचकट असते. ज्याचा प्रवास चिखलाचा, दीर्घ आणि पूर्वतयारीचा आहे, त्याला चांगला हब फायद्याचा. ज्याला खर्च आवरता ठेवायचा आहे आणि वाटेतल्या मिस्त्रीवर अवलंबून राहायचे आहे, त्याला साधा, कमी चक्रांचा, दणकट डिरेलर बरा. दोन्हीत पाहायची पहिली गोष्ट मात्र एकच आहे. सर्वांत हलक्या गिअरवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाते? ती दीड-दोन मीटरच्या आसपास जात असेल, तर ओझ्यासह घाट चढता येईल. चाळीस गिअरची जाहिरात असली आणि हा आकडा मोठा असला, तर त्या गिअरांचा प्रवाशाला उपयोग नाही.

भारतातून लांबच्या सायकलप्रवासाची परंपरा जुनी आहे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले, आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली तो पूर्ण करून परतले. व्हेलोसिओ तेव्हा हयात होते. पुढे स्वातंत्र्यानंतर सायकल ही आपल्याकडे कष्टकऱ्याची आणि विद्यार्थ्याची सोबतीण बनली, आणि ती बहुतांशी एकाच गिअरची राहिली. हिंगोलीसारख्या मानव विकास कार्यक्रमातील जिल्ह्यांत शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आणि अनेकींचे शिक्षण सुटता सुटता राहिले. त्या मुलींच्या वाटेवरही चढ आहेत.

२०२२ साली पंढरपूरहून घुमानपर्यंत नामदेवांच्या वाटेने सायकल यात्रा निघाली. दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर सायकलस्वारांनी कापले. अशा यात्रेत साधी सायकल असते, तशी महागडीही असते. संध्याकाळी मुक्कामाला टेकल्यावर गिअरच्या गोष्टी निघतात, कोणाची चेन कुठे पडली आणि कोण कोणत्या चढाला उतरला याचे हिशेब होतात. सेंट एतियेनच्या त्या रेशीम व्यापाऱ्याने आपल्या मासिकाच्या पानांवर हेच हिशेब वर्षानुवर्षे मांडले होते, आणि चढाला उतरावे लागलेल्या माणसाला त्यांनी कधी दुबळा ठरवले नाही. त्याच्या सायकलीत काय कमी आहे, एवढेच ते शोधत राहिले.